जहाजाची लांबी

छत्रपती संभाजीनगरहून समुद्र पाहायला निघायचं तर मुंबईच्या दिशेनं साडेतीनशेएक किलोमीटर जावं लागतं. गावाच्या वाट्याला सागर म्हणून काय आला, तर पैठणचा नाथसागर. १९७६ पासून तो आमची तहान भागवतो. अर्थात आपल्या सवडीनं. अशा गावात माणसानं पतंग उडवावेत, मुशायऱ्याला जावं, फार तर गुलमंडीवर उभं राहून राजकारणावर बोलावं. आमच्या साडूभाऊंनी जहाजं निवडली.

प्लॅस्टिकची जहाजं. पेटीत सुटे भाग येतात, ते जोडून, रंगवून काचेच्या कपाटात ठेवायचे. खऱ्या जहाजाच्या सातशेपट लहान नाहीतर साडेतीनशेपट लहान, अशी दोन मापं जास्त चालतात. साडूभाऊ साडेतीनशेवाले. त्यांनी हिशेब काढून ठेवलाय: एकास साडेतीनशेच्या मापानं समुद्र गारखेड्यातल्या त्यांच्या घरापासून एक किलोमीटरवर येतो, म्हणजे त्रिमूर्ती चौकाच्या आसपास. संध्याकाळी त्या बाजूला फिरायला जाताना ते "जरा किनाऱ्यावर जाऊन येतो" म्हणतात, आणि ताई "येताना कोथिंबीर आणा" म्हणतात.

या छंदात माणूस जहाज बांधत असेल असा बाहेरच्यांचा समज असतो. जहाज काय, चार-दोन संध्याकाळीत उभं राहतं. त्यानंतरचे कित्येक महिने सांधा लपवण्यात जातात. कारण जहाजाचं धड उभं कापून दोन तुकड्यांत येतं, एक डावं आणि एक उजवं. ते एकमेकांना चिकटवलं की नाकाच्या शेंड्यापासून बुडाखालून पार सुकाणूपर्यंत एक रेघ राहते. ती रेघ दिसली तर ते खेळणं. नाही दिसली तर ते मॉडेल. खेळणं आणि मॉडेल यांत दुसरा काही फरक नाही, असं मी एकदा म्हणालो होतो. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

हा सांधा का येतो, हे संभाजीनगरात फार समजावून सांगावं लागत नाही. गरम, पातळ प्लॅस्टिक दाबानं साच्यात शिरतं, थंड होतं, साचा उघडतो, इजेक्टर पिना माल बाहेर ढकलतात. साचा उघडायचा म्हणजे त्याचे दोन भाग हवेतच, आणि ते दोन भाग जिथं टेकतात तिथं मालावर पार्टिंग लाइन उठणारच. त्यातून जहाज म्हणजे पुढं निमुळतं, मागं आत वळलेलं, मध्येच फुगलेलं. असला ऐवज सरळ साच्यातून सुटत नाही, अडकतो. त्याला अंडरकट म्हणतात. बाजूनं सरकणारे तुकडे बसवून अख्खं धड एकसंध काढता येतं, पण तो साचा महाग पडतो. त्यापेक्षा धड दोन तुकड्यांत देऊन टाकलेलं बरं. पुढचं गिऱ्हाईक बघून घेईल.

चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूलरूम आहे, सिपेट आहे, वाळूजला शेडमागून शेडमध्ये मोल्डिंगची मशिनं धापा टाकतात. या गावात लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस हातातला प्लॅस्टिकचा पेला उलटा करून आधी बुडाचा गेटचा ठिपका बघतो आणि मगच त्यात पाणी घेतो. साडूभाऊंची उभी हयात वाळूजच्या अशाच एका टूलरूममध्ये गेली. ती पार्टिंग लाइन केसाएवढी बारीक ठेवण्याचा त्यांना पगार मिळायचा. आता निवृत्तीनंतर तीच रेघ पुसण्यासाठी ते पदरचे पैसे घालतात. पेटी उघडली की पहिला तास ते भाग जोडत नाहीत, तपासतात. "बघा, बघा, जपान्यानं इथं फ्लॅश सोडलाय. हा सिंक मार्क बघा. आमच्याकडं असता तर अख्खा लॉट परत पाठवला असता." मग तो लॉट परत पाठवण्याचा अधिकार आता आपल्याला नाही हे आठवून ते जरा वेळ गप्प बसतात.

या छंदाला फार जुनी परंपरा आहे असं नाही. इंग्लंडातल्या एअरफिक्सनं १९५२ मध्ये गोल्डन हाइंड नावाचं चिमुकलं जहाज काढलं आणि वूलवर्थ्सच्या दुकानांतून स्वस्तात विकलं, तिथून घरोघर हे वेड शिरलं. पुढं १९७१ मध्ये जपानच्या शिझुओका गावातल्या कंपन्यांनी मिळून सातशेच्या मापाची जहाजं काढायला घेतली. त्यांनी एक युक्ती केली. जहाजाचा पाण्याखालचा भागच दिला नाही. बूड सपाट, टेबलावर ठेवलं की पाण्यात असल्याचा भास. बूडच नाही म्हणजे बुडाचा सांधाही नाही. साडूभाऊ या प्रकाराला जहाज मानत नाहीत. "उद्या पायच नाहीत म्हणून चपला परवडल्या म्हणाल," असं त्यांचं त्यावर मत आहे.

सांधा बुजवण्याची पहिली पायरी डिंकाची. हा आपला कागदाचा डिंक नव्हे. पाण्याइतका पातळ द्राव असतो, ब्रशचं टोक फटीला लावलं की केशाकर्षणानं आत पळत जातो आणि दोन्हीकडचं प्लॅस्टिक विरघळवतो. शाळेत केशाकर्षणाला दोन मार्क होते. त्याचा एवढा उपयोग करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मग दोन्ही अर्धी दाबून धरायची. विरघळलेलं प्लॅस्टिक दाबानं बाहेर येऊन सांध्यावर एक बारीक वरंबा उठतो. तो वाळू द्यायचा. किती वाळू द्यायचा, तर आपल्याला वाटतं त्याच्या दुप्पट. मग पात्यानं तासायचा. सगळं नीट जमलं तर सांधा इथंच संपतो, आणि नीट कधी जमत नाही. एखादं अर्धं साच्यातून निघतानाच किंचित वाकलेलं असतं, दुसरं त्याच्याशी फटकून वागतं, आणि नाकापाशी नख जाईल एवढी फट राहते.

आता ती भरायची. कशानं भरायची, यावरून गावातल्या पाचसहा जहाजवाल्यांत संप्रदाय पडलेले आहेत.

सगळ्यात आक्रमक पंथ सोडावाल्यांचा. फटीत फेविक्विक सोडायचं आणि वरून खायचा सोडा भुरभुरायचा. क्षणात कडक. चमत्कार बघावा तसा बघत राहावा. मात्र ते इतकं कडक होतं की घासायला घेतलं की भराव जागचा हलत नाही आणि आजूबाजूचं मऊ प्लॅस्टिक झिजत जातं. शेवटी फट होती तिथं उंचवटा आणि शेजारी दोन खड्डे. शिवाय सोडा स्वयंपाकघरातून येतो. ताईंचा ढोकळा एकदा फुगला नाही, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आधी काचेच्या कपाटाकडं पाहिलं.

एम-सीलवाले शांत. दोन गोळे मळायचे, एक करायचा, ओल्या बोटानं फटीत दाबायचा. तो आकसत नाही, फुटत नाही, फक्त मोठ्या फटीलाच बरा. या मंडळींच्या घरात पिंपाची गळती, नळाची गळती आणि युद्धनौका एकाच पुडीवर चालते. एक गृहस्थ सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. ते व्हाइटनर लावतात. बारीक रेघेला व्हाइटनर खरोखर चालतं. आयुष्यभर कागदावर जे केलं ते जहाजावर करायला त्यांना काही वेगळं शिकावं लागलं नाही. आणि एकजण कडवे शुद्धिवादी आहेत. पेटीतल्या भागांभोवती जी प्लॅस्टिकची चौकट असते, तिचेच तुकडे ते बाटलीत त्या पातळ द्रावात विरघळवतात आणि जहाजाची फट त्या जहाजाच्याच प्लॅस्टिकनं भरतात. ते बाहेरचं काही लावत नाहीत. बाहेरचं काही खातही नाहीत.

साडूभाऊ लांबीवाले. गाडीच्या पत्र्यावर पोचे भरायला डेंटिंग-पेंटिंगवाले जी लांबी लावतात, ती. तिची मात्रा कळावी म्हणून ते एका गॅरेजवाल्या उस्तादांकडं बसायला जातात. एकीकडं बोनेट उघडलेली जीप, दुसरीकडं फडक्यात गुंडाळलेलं जहाज, मधे दोन स्टुलं. उस्तादांनी पहिल्यांदा जहाज बघितलं तेव्हा विचारलं, "चच्चा, इसकू ठोका किसने?" मग सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी जो मंत्र दिला तो साडूभाऊ आजही सांगतात: "जल्दी नक्को करो. लांबी कू सोने दो." लांबीतला पातळ भाग उडून जाताना लांबी आकसते. जाड थर एकदम भरला तर वरून वाळतो, आतून ओला राहतो, आठ दिवसांनी बसतो. म्हणून पातळ हात द्यायचा, झोपू द्यायचं, पुन्हा पातळ हात. एका लग्नात कुणीतरी सहज विचारलं, "काय हो, तुमच्या त्या जहाजाची लांबी किती?" साडूभाऊ म्हणाले, "दोन हात झाले, तिसरा रविवारी." विचारणारे गृहस्थ जिलेबीच्या काउंटरकडं वळले.

त्यानंतर घासणं. चारशे नंबरच्या पॉलिश पेपरनं सुरुवात, मग सहाशे, हजार, शेवटी दोन हजार. पेपर ओला करून घासायचं, म्हणजे ओरखडे उठत नाहीत आणि धूळ उडत नाही. इथं छंदाची गाठ गावाशी पडते. कारण आमच्याकडं नळ हा वारावर येतो, आणि कोणत्या वारी येणार हे त्याचं त्यालाच ठाऊक असतं. नळ आला की पिंपं, कळशा, पातेली, बादल्या, सगळं भरून घ्यायची धावपळ. अशा वेळी साडूभाऊ वाडगं घेऊन रांगेत उभे राहतात.

"हे कशाला?" ताई विचारतात.

"जहाजाला."

"पाण्याचा टँकर केवढ्याला पडतो ठाऊक आहे ना?"

"वाडगंभरच लागतं गं. खऱ्या जहाजाला समुद्र लागतो."

एवढ्या वाडगंभर पाण्यापलीकडं त्या जहाजाला जन्मात कधी पाणी लागत नाही. पुढं सगळं आयुष्य काचेआड, वर्षातून एकदा दिवाळीला ब्रशनं धूळ झटकणं.

घासून झालं, बोटाला काही लागेना, की साडूभाऊंचा चेहरा खुलतो. मग ते करडा प्रायमर मारतात आणि चेहरा पडतो. करड्या प्रायमरपुढं काही लपत नाही. गुळगुळीत वाटलेल्या जागी पुन्हा तीच रेघ, जरा फिकट, पण तीच. खोलीतला दिवा मालवून टॉर्च तिरपा धरला की ती आणखी ठळक होते. साडूभाऊ टॉर्च तिरपा धरतातच. पोटात दुखत नसताना दाबून बघणारे लोक असतात, त्यातला प्रकार. मग पुन्हा लांबी, पुन्हा झोप, पुन्हा पेपर. रंग दिल्यावर महिन्याभरानं लांबी आणखी थोडी आकसली की रंगाखालूनही रेघेची सावली दिसते. २०२३ मध्ये गावाचं नाव बदललं तेव्हा काही दुकानांच्या पाट्या रंगाऱ्यांनी घाईत रंगवल्या. सकाळच्या तिरप्या उन्हात नव्या अक्षरांखाली जुन्या अक्षरांचे उंचवटे वाचता यायचे. चौकाचौकात त्यावर दोन्हीकडून तावातावानं चर्चा होत. साडूभाऊंचा शेरा दोन्ही बाजूंना सारखाच न रुचणारा होता: "प्रायमर मारला नाही, दुसरं काय."

घासण्याचा दुसरा घोळ असा की सांधा जातो तेव्हा एकटा जात नाही. शेजारची गोल खिडकी जाते, नांगराची जागा जाते, पत्र्यांच्या कोरलेल्या रेघा जातात. मग त्या सुईनं परत कोरायच्या. मला या सगळ्यात एक गोष्ट अजून उलगडलेली नाही. खरी टायटॅनिक तीस लाखांवर रिव्हेट ठोकून, पत्र्यावर पत्रा चढवून जोडलेली होती. म्हणजे खरं जहाज नखशिखांत सांधेच सांधे. मॉडेलवाला त्यातला प्रत्येक खोटा सांधा भिंग लावून कोरतो, आणि त्या अख्ख्या जहाजावर जो एकमेव खरा सांधा आहे, तो पुसतो. हे साडूभाऊंना विचारलं तर ते म्हणतात, "तो कारखान्याचा सांधा आहे, हा जहाजाचा." टूलरूममध्ये तीसेक वर्षं काढलेल्या माणसाशी या मुद्द्यावर वाद घालू नये.

आणि एवढं करून ते कोणासाठी? घरी येणारा पाहुणा कपाटासमोर उभा राहतो आणि ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमानं विचारतो. हे पाण्यात चालतं का? बॅटरीवर आहे का? केवढ्याला पडलं? शेवटी, "आमच्या नातवाला फार आवडेल हो." या शेवटच्या वाक्याला साडूभाऊ कपाटाची किल्ली खिशात टाकतात. सांधा कुठाय, असं आजवर एकाही पाहुण्यानं विचारलेलं नाही. साडूभाऊ हा आपला विजय समजतात. ताईंचं म्हणणं, सांधा होता तेव्हाही कुणी विचारत नव्हतं.

तरी या मंडळींना गावानं हसू नये. लांबीच्या बाबतीत या गावाचा इतिहास फार मोठा आहे. बीबी का मकबरा घ्या. १६६० च्या सुमारास औरंगजेबाच्या बेगमेसाठी, दिलरास बानूसाठी तो बांधला गेला. आराखडा अताउल्लाचा, म्हणजे ताजमहाल ज्यांनी उभारला त्या उस्ताद अहमद लाहोरींच्या मुलाचा. बांधकाम हंसपत रायांचं. तावेर्निये नावाचा फ्रेंच प्रवासी सुरतेहून गोवळकोंड्याकडं जाताना संगमरवराच्या तीनशे गाड्या बघितल्याचं लिहून गेलाय, सगळ्यात लहान गाडीला बारा बैल. आता एवढ्या गाड्या म्हटल्यावर वाटतं, अख्खी इमारत संगमरवरी. खर्च निघाला सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे, म्हणजे ताजच्या मानानं चिल्लर. मग संगमरवर लावला तो माणसाच्या हाताला लागेल अशा खालच्या पट्ट्यापर्यंत, आणि वर लांबून दिसणाऱ्या घुमटाला. मधल्या सगळ्या भिंती आपल्या इथल्या काळ्या दगडाच्या, आणि त्यावर चुन्याचा गिलावा घोटून घोटून संगमरवराइतका तुळतुळीत केलेला.

साडूभाऊ मकबऱ्यात जातात तेव्हा इतर लोक कारंज्यापाशी फोटो काढत असतात. हे संगमरवर संपून गिलावा कुठं सुरू होतो ते शोधत भिंतीला नाक लावून उभे असतात. पहारेकरी शिट्टी मारतो. लोक त्याला गरिबांचा ताज म्हणतात याचा साडूभाऊंना राग येतो. "ताजमहालात काय, पैसे ओतले, दगड लावला. फिनिशिंगचं काम हे इथं आहे. साडेतीनशे वर्षं झाली तरी लांबी बसली नाही!" काही ठिकाणी गिलावा उडून खालचा काळा दगड दिसतो, तिथं ते नजर चुकवून पुढं जातात.

वेरूळला कैलास लेण्यासमोर मात्र ते अस्वस्थ होतात. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातलं हे काम, डोंगर वरून खाली कोरत आणलेला, एकच दगड. शिखर, हत्ती, खांब, पायऱ्या, सगळं एकाच अंगाचं. कुठं जोड नाही, म्हणून कुठं रेघ नाही. सांधा लपवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला तिथं काही कामच उरत नाही. गंमत अशी की या कैलासालाही एके काळी वरून पांढरा गिलावा होता. त्याचे तुकडे अजून दिसतात, आणि जुने लोक त्याला रंगमहाल म्हणत. ही माहिती कळली तेव्हा साडूभाऊंच्या जिवात जीव आला. सांधा नसतानाही ज्यांना लांबी मारल्याशिवाय राहवलं नाही, ती आपली माणसं.

लांबी जास्त झाली की काय होतं, याचा धडाही जवळच आहे. अजिंठ्याची चित्रं ढासळायला लागली म्हणून निजाम सरकारनं १९२० मध्ये इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोघांना बोलावलं. त्यांनी दोन हंगाम राबून सुटलेला गिलावा पक्का केला, फटी भरल्या, चित्रं वाचवली. आणि जाता जाता वर लाखेचं वॉर्निश दिलं, शेलॅक. तेव्हा चित्रं उजळून निघाली, सगळे खूश. पुढं ते वॉर्निश पिवळं पडत गेलं आणि पुरातत्त्व खात्याचे लोक कित्येक वर्षं ते हळूहळू काढत बसले. साडूभाऊंनी तेव्हापासून चकचकीत वॉर्निश वापरायचं सोडलंय. मॅट देतात.

आता मुख्य भानगड. त्याच अजिंठ्यात, दोन नंबरच्या लेण्यात, एक जहाज रंगवलेलं आहे. पूर्ण नावाच्या व्यापारी भिक्षूच्या कथेतलं, उंच नाकाचं, शिडं उभारलेलं. समुद्रापासून एवढ्या आत, डोंगराच्या पोटात, मिणमिणत्या उजेडात कुणी तरी ते जहाज काढलं; म्हणजे मराठवाड्यात जहाजांचा छंद काही आमच्या साडूभाऊंपासून सुरू झालेला नाही. पैठणच्या सातवाहनांनी तर नाण्यांवर दोन डोलकाठ्यांची जहाजं छापली. नौदलानं आणि संस्कृती खात्यानं ठरवलं की अजिंठ्यातल्या चित्रावरून पाचव्या शतकातलं जहाज खरंखुरं बांधायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये गोव्यात काम सुरू झालं. केरळचे कारागीर बाबू शंकरन आणि त्यांची माणसं. २१ मे २०२५ ला कारवारला ते नौदलात दाखल झालं, नाव कौंडिण्य. आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला पोरबंदरहून शिडांवर मस्कतला निघालं, जानेवारीत पोचलंही.

साडूभाऊंना पहिल्यांदा यातलं एकच भावलं. या जहाजाचा नकाशा कुठं शिल्लक नव्हता. "म्हणजे बघा, पेटीवरचं चित्र तेवढं मिळालं, आत भाग नाहीत, सूचनापत्रक नाही!" दुसरी गोष्ट कळली तेव्हा तर त्यांनी मला रात्री दहाला फोन केला. आयआयटी मद्रासमध्ये आधी छोटं मॉडेल करून पाण्यात तपासलं होतं. "मॉडेल आधी, साडूभाऊ! जहाज मागून! ऐकलंत का?" मागून ताईंचा आवाज आला, "त्यांना झोपू द्या. ते काही लांबी नाहीत."

मग त्यांनी फोटो नीट बघितले, आणि दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. या जहाजाला खिळे नाहीत. लाकडाच्या फळ्या वाफेवर वाकवून एकमेकींना काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या आहेत. अंगभर, पुढून मागून, टाकेच टाके. पूर्वी अरबी समुद्रात फिरणारी जहाजं अशीच शिवलेली असत. शिवलेलं अंग लाटेबरोबर थोडं लवतं, वाळूवर आदळलं तरी झेपतं. म्हणजे या जहाजावर सांधा लपवायचा नव्हता. सांधा हेच जहाज होतं. आणि ते गावापासून शंभरएक किलोमीटरवरच्या भिंतीवर दीड हजार वर्षं होतं.

"पण फटी कशानं बुजवल्यात?" मी विचारलं.

"नारळाचा काथ्या आणि राळ," ते म्हणाले, आणि एकदम ताठ बसले. "म्हणजे लांबी आहेच की!"

तिथून त्यांना तरतरी आली. कौंडिण्य करायचंच. पेटीची वाट न बघता प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापून, एकेक फळी खरोखर शिवून. पण मापाची अडचण आली. जहाज वीसेक मीटरचं. साडेतीनशेच्या मापात ते साडेपाच सेंटिमीटर भरतं. त्यात टाके घालायला मुंगीच लागेल. शेवटी मन घट्ट करून साडूभाऊंनी एकास बहात्तरचं माप घेतलं. त्यामुळं समुद्र त्रिमूर्ती चौकातून उठून पाच किलोमीटरवर, पार विमानतळाच्या रस्त्याला गेला, आणि संध्याकाळची कोथिंबीर बंद झाली.

पट्ट्या कापून झाल्या, बारीक ड्रिलनं भोकं पाडून झाली. शिवायला मात्र साडूभाऊंचा हात चालेना. दोरा गुंतायचा, पट्टी तडकायची. चष्मा वर-खाली करून झाला, सुईत तीनदा दोरा ओवून झाला. मग ताईंनी ते हातातून काढून घेतलं. एका दुपारी त्यांनी डाव्या बाजूच्या सहा फळ्या शिवून दिल्या. इतक्या सफाईनं, की टाका कुठं आहे ते बोट फिरवूनही कळेना. फळ्या जणू एकाच अंगाच्या.

साडूभाऊंनी भिंग लावलं, टॉर्च तिरपा धरला. काही दिसेना.

"अगं, हे दिसायला पाहिजे!"

"काय दिसायला पाहिजे?"

"टाके. टाके दिसले पाहिजेत. तीच तर गंमत आहे."

"टाका दिसला की आई उसवून परत घालायला लावायची," ताई म्हणाल्या. "पैठणीसुद्धा आधी उलटी करून बघतात, मागची बाजू पुढच्यासारखी आहे का म्हणून. आणि तुम्ही? एवढी वर्षं घरात सांधा लपवायला माझा सोडा नेलात, पाणी नेलंत. आता लपला तर म्हणता दिसू दे?"

साडूभाऊंकडं उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं ताईच निवळल्या. दोरा पांढरा आहे, फळी पांढरी आहे, दिसणार कसा, म्हणाल्या. जाडसर आणि काथ्याच्या रंगाचा आणा, पैठण गेटला मिळेल, मी परत घालून देते.

आम्ही दोघं गेलो. दुकानात साडीला फॉल-पिको करणाऱ्यांची गर्दी. दुकानदारानं वर न बघता विचारलं, "कपडा कोणता?"

"जहाज," साडूभाऊ म्हणाले.

त्यानं वर न बघताच मागच्या फळीवरून एक रीळ काढून काउंटरवर ठेवलं. नेव्ही ब्लू.